सांधा कुठे घ्यायचा

जुनी पिकअप विकत घ्यायला आलेला माणूस आधी इंजिनचा आवाज ऐकतो, मग टायर बघतो, मग कागद मागतो. चेसिस बघायची तर जमिनीला पाठ लावून गाडीखाली सरकावं लागतं, म्हणून ती बहुधा बघायची राहूनच जाते. पांढरकवड्याला हैदराबाद रस्त्यालगत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. शेतकरी, भाजीवाले, मंडपवाले, बकऱ्यांचे व्यापारी अशा सगळ्यांच्या पिकअप माझ्याकडे येतात. कितीतरी गाड्यांचं इंजिन अजून धडधाकट असतं, पण हौद्याखालची चेसिस हातोडीचा एक ठोका सोसत नाही. अशी गाडी दुरुस्त होते का, जुन्या गाडीचा तुकडा जोडून ती पुन्हा भरवशाची होते का, असं लोक मला रोज विचारतात. होते. पण कुठे कापायचं आणि सांधा कुठे घ्यायचा हे ज्याला कळतं त्याच्या हातूनच होते, आणि काही गाड्यांची होतच नाही.

आधी चेसिस म्हणजे काय ते सांगतो. पुढच्या बंपरपासून मागच्या फळक्यापर्यंत जाणारे दोन लांब चॅनल, आणि त्यांना ठिकठिकाणी धरून ठेवणारे आडवे चॅनल, ज्यांना आम्ही क्रॉस मेंबर म्हणतो. इंजिन, केबिन, हौदा, स्प्रिंगचे पाटे, सगळं याच सांगाड्यावर बसतं. बोलेरो पिकअप घ्या, टाटा २०७ घ्या, रचना हीच. लहान पिकअपच्या चॅनलची जाडी साधारण तीन ते चार मिलिमीटर असते. त्यातला एक मिलिमीटर गंजानं खाल्ला तर वरून चॅनल जसाच्या तसा दिसतो, पण त्याची वजन पेलायची ताकद निदान पाव हिश्शानं उतरलेली असते. शिवाय गंज कधी सारखा खात नाही. तो खड्डे पाडतो, आणि तडा पहिल्यांदा त्या खड्ड्यातूनच सुटतो.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र नाही, खारी हवा नाही. मग लोखंड एवढं का सडावं? परदेशात याचं उत्तर सोपं आहे. अमेरिकेच्या थंड भागात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाड्यांची पोटं खातं. टाकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या चेसिस सडतात म्हणून टोयोटा कंपनीवर तिथे खटला झाला. २०१६ साली कंपनीनं ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली, सुमारे १५ लाख गाड्या तिच्यात आल्या. तपासणीत १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठं आरपार भोक सापडलं तर चेसिस बदलून मिळायची होती.

आपल्याकडे मीठ रस्त्यावर नसतं, ते हौद्यात असतं. पोटॅशचं पोतं फाटलं की जे सांडतं ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचंच भावंड. युरिया, डीएपी ही खतं हवेतली ओल ओढून घेतात आणि चॅनलवर चिकट थर धरतात. बकऱ्या-म्हशी नेणाऱ्या गाडीत जनावरांचं मूत हौद्याच्या फटींतून थेट मागच्या क्रॉस मेंबरवर ठिबकतं, त्यात क्षार असतात, अमोनिया असतो. इसापूरच्या जलाशयातली मासळी बर्फात घालून नेणाऱ्या गाड्यांचा मागचा भाग तर वर्षभर ओला असतो. वणीकडे कोळसा वाहणाऱ्या गाड्यांचं दुखणं निराळं. कोळशात गंधक असतं, पावसात भिजलेल्या कोळशाचं पाणी आम्लधर्मी होतं.

आणि या सगळ्यांच्या वर आपली काळी माती. ती चाकाबरोबर उडते, चॅनलच्या आत जाऊन बसते, आणि एकदा बसली की पावसाळा संपल्यावरही आतून ओली राहते. लोकांना वाटतं, माती लागलीय म्हणजे हवा लागत नाही, म्हणजे लोखंड सुरक्षित. होतं नेमकं उलट. ओल्या मातीच्या थराखाली प्राणवायू कमी पोचतो आणि थराच्या बाहेर जास्त. या फरकामुळे त्या दोन जागांमध्ये बारीकसा विजेचा प्रवाह सुरू होतो, आणि त्यात मातीखालचं लोखंड विरघळत जातं. म्हणून चेसिस बाहेरून काळी कुळकुळीत दिसते, आणि आतली माती खरवडली की लोखंडाचे पोपडे मातीसोबत हातात येतात.

गेल्या पावसाळ्याआधी माझ्याकडे अशीच एक पिकअप आली. मालक आठवडी बाजारांतून बकऱ्या घेणारे, वयानं माझ्याहून बरेच मोठे. पेरणीच्या दिवसांत तीच गाडी खताच्या पोत्यांना लावायची. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"भाऊ, चासी मांगूनच खाल्ली हाय. वरून पाटी मारून दे, काम चालून जाईन."

"काका, पाटी मारून देतो, पण थे पाटी धरीन कायले? खाली लोखंडच नाही राह्यलं."

सडलेल्या चॅनलवर पाटी मारणं हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. गंजलेल्या लोखंडावर वेल्ड बसत नाही, बसल्यासारखी दिसते. दोन पत्र्यांमधल्या फटीत ओल कोंडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आत फुगत फुगत तो नव्या पाटीलाच रेटून वाकवतो. वर्ष-दोन वर्षांत पाटीच्या काठालगत मूळ चॅनल चिरतो. गाडीत माल असेल तर माल जातो. आपल्याकडे मात्र लग्नसराईत पिकअपमध्ये माणसं बसतात.

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून हौदा उतरवला. केबिनपासून मागे मी दर चार बोटांवर हातोडी ठोकत गेलो. निरोगी चॅनल खणखणतो, सडलेला ठप्प बोलतो. जिथे आवाज बदलला तिथे खडूनं खूण केली, मग तिथे टोचा घुसवून पाहिला. मागच्या धुरीच्या वर चॅनल जिथे वर चढतो तिथून शेवटच्या टोकापर्यंत दोन्ही बाजू गेल्या होत्या. पाट्यांच्या मागच्या हँगरजवळ तर बोट आरपार जात होतं. केबिनखाली आणि स्टिअरिंग बॉक्सच्या जागी मात्र लोखंड शाबूत होतं. मी कामाला हो म्हणालो ते यामुळेच. स्टिअरिंगची जागा, पुढच्या सस्पेन्शनच्या जागा किंवा केबिनखालचा भाग गेला असेल तर मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक नाराज होऊन दुसरीकडे जातं, तरीही. ती गाडी भंगारातच गेली पाहिजे.

नवी पिकअप आज नऊ-दहा लाखांच्या घरात आहे. बाजार करून पोट भरणाऱ्या माणसाला ती झेपत नाही, म्हणून जुन्या गाडीच्या तुकड्याचा विचार करायचा. तुकडा मात्र त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या, त्याच व्हीलबेसच्या गाडीचा हवा. बाजारात मिळणारा साधा एमएस चॅनल कापून बसवणारे आहेत. पण साध्या पोलादाला साधारण २५० मेगापास्कलचा ताण आला की ते कायमचं वाकायला लागतं, आणि चेसिससाठी कारखाने त्याहून बरंच ताकदीचं पोलाद वापरतात. जाडी सारखी दिसली म्हणून ताकद सारखी होत नाही.

मी तुकड्यासाठी पुढून ठोकलेली गाडी शोधतो. समोरून अपघात झालेल्या गाडीचा पुढचा भाग गेलेला असतो, मागचा बहुधा चांगला असतो. पण बहुधा म्हणून सोडायचं नाही. दोरी ताणून चॅनल सरळ आहे का ते बघायचं. तडे शोधायला एक जुनी पद्धत आहे, रेल्वेच्या कारखान्यांतही ती चालायची. जागा घासून स्वच्छ करायची, तिला रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरड्या फडक्यानं पुसून वर खडूची पूड फासायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत ओलसर रेघ उमटवतं. आता रॉकेल मिळत नाही, मी डिझेल वापरतो. शहरात यासाठी लाल रंगाचे स्प्रे मिळतात, ते जास्त चांगले.

कागदांचं काम इथे वेल्डिंगइतकंच महत्त्वाचं आहे. चेसिस नंबर हीच गाडीची ओळख. १७ अक्षर-अंकांचा हा नंबर असतो, महिंद्राचा असेल तर एमए१ आणि टाटाचा असेल तर एमएटी अशी त्याची सुरुवात असते. बहुतेक पिकअपवर तो पुढच्या भागातल्या लांब चॅनलवर ठोकलेला असतो. आपल्या गाडीचा नंबर असलेला भाग कापायचा नाही, घासायचा नाही, त्यावर वेल्ड मारायची नाही. आणि ज्या गाडीचा तुकडा आणला तिचा नंबर आपल्या दुकानात आणायचाच नाही. चोरीच्या गाड्या याच वाटेनं दुसऱ्या नावानं रस्त्यावर येतात. म्हणून तुकडा बिलावर घ्यायचा, आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद बघायचा. गाडी निकामी झाली की मालकानं चौदा दिवसांत किंवा होईल तितक्या लवकर परिवहन कार्यालयाला कळवावं असं मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ मध्ये आहे. त्याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत असलेल्या कारखान्याच्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणजे होतं तसं परत करायचं, चेसिस लांबवायची नाही. दोन पोती जास्त मावावीत म्हणून अशी मागणी करणारे माझ्याकडे येतात, त्यांना मी हात जोडतो.

आता कापणी. गाडी कापण्याआधी मापं घ्यायची, कारण कापल्यावर घ्यायला काही उरत नाही. माझ्या दुकानातली फरशी पाण्याच्या नळीनं लेव्हल करून घेतली आहे. चेसिसच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडायचा, जमिनीवर टोक टेकेल तिथे खूण करायची, असं दोन्ही बाजूंनी पुढून मागेपर्यंत. मग जमिनीवरच्या खुणांचे कर्ण मोजायचे, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दोन कर्णांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही. यात चूक राहिली तर मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, गाडी तिरपी चालते, टायर एका बाजूनं झिजतात, आणि मालक अलाइनमेंटवाल्याशी भांडत बसतो.

हौद्यात माल टाकला की दोन धुऱ्यांच्या मध्ये चॅनलची खालची आडवी पट्टी ताणली जाते आणि वरची दाबली जाते. उभ्या भिंतीच्या मध्यावर ताण सगळ्यात कमी. म्हणून वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही. पाट्यांचा हँगर, क्रॉस मेंबरचा जोड अशा जागांजवळ सांधा घ्यायचा नाही. चॅनल सरळ उभा कापायचा नाही. सरळ कापला की सगळी वेल्ड एकाच रेषेत येते आणि चेसिस त्याच रेषेवर मोडते. मी तिरका, साधारण ४५ अंशांत काप घेतो. डावीकडचा सांधा आणि उजवीकडचा सांधा एकमेकांसमोर येऊ देत नाही, एक पुढे, एक मागे. काकांच्या गाडीत डावा सांधा मी मागच्या धुरीच्या पुढे घेतला आणि उजवा त्याच्याही एक हात पुढे, दोन्ही शाबूत लोखंडात. सडलेल्या जागेच्या अगदी काठावर कापलं असतं तर काप छोटा झाला असता, पण वेल्ड अर्ध्या खाल्लेल्या लोखंडावर आली असती. कापायला ग्राइंडर वापरायचा. गॅस कटिंगच्या आचेनं ताकदीच्या पोलादाची ताकद काठालगत बदलते, आणि काठही ओबडधोबड राहतो.

माझे वडील मारेगाव तालुक्यात लोहारकाम करायचे, बैलगाडीच्या चाकांना धाव बसवायचे. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवायची, चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना धाव आखडते आणि आरे, पाटे, तुंबा सगळं आवळून धरते. मी लहानपणी पाणी ओतायला असायचो. चेसिसच्या वेल्डिंगमध्ये हेच आखडणं उलटं येतं. एक मीटर पोलाद पाचशे अंशांनी तापलं तर सुमारे सहा मिलिमीटर वाढतं. वेल्ड थंड होते तेव्हा ती आखडते आणि सबंध चॅनल स्वतःकडे ओढते. एका बाजूला सलग वेल्ड मारून टाकली तर घेतलेली सगळी मापं वाया जातात. म्हणून आधी टाके मारायचे, मग डावीकडे थोडी वेल्ड, उजवीकडे थोडी, वर, खाली, आणि मध्ये मध्ये ओळंबा सोडून कर्ण पुन्हा मोजायचे. हातानं शिवू शकू इतकं लोखंड निवलं की पुढचा तुकडा. घाईचं गिऱ्हाईक इथे वैतागतं. पण चहा प्यायला वेळ असतोच.

रॉडबद्दल सामान्य माणसाला माहीत असावं म्हणून सांगतो. खिडकीच्या ग्रिलला मारतात ती बहुतेक वेळा ६०१३ नंबरची रॉड. पहिले दोन आकडे तिची ताकद सांगतात: ६० म्हणजे साधारण ४१० मेगापास्कल, ७० म्हणजे सुमारे ४८०. चेसिसला ७०१८ ही लो हायड्रोजन रॉड हवी, किंवा सीओ-टू वेल्डिंग. ७०१८ च्या लेपात ओल शिरली तर त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि सांधा आतून चिरतो, तोही कधी कधी दुसऱ्या दिवशी. पावसाळ्यात उघड्या पाकिटातली रॉड ओव्हनमध्ये तापवल्याशिवाय वापरूच नये. तुमचा वेल्डर रॉड कुठे ठेवतो ते बघा, त्यावरून बरंच कळेल.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची, नव्या इंजिनांचा कंट्रोल युनिट सोडवायचा, डिझेलची टाकी उतरवायची. टाकी रिकामी केली म्हणून धोका गेला असं नसतं, आतली वाफ पेटते. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगांतून वाट काढतो आणि त्यांच्यावर डाग पाडतो.

सांध्याच्या आत मी त्याच जाडीचा एक चॅनल बसवतो, त्याची दोन्ही टोकं तिरकी कापतो, म्हणजे ताकद एकदम बदलत नाही. हा चॅनल उभ्या भिंतीला वेल्डनं धरायचा, वरच्या-खालच्या पट्टीवर आडवी वेल्ड ओढायची नाही. कारखान्यात जिथे रिव्हेट होते तिथे रिव्हेट काढून ८.८ ग्रेडचे बोल्ट घट्ट बसणाऱ्या भोकात घालायचे. एकमेकांवर येणाऱ्या पृष्ठभागांना आधी जस्ताचं प्रायमर, बाहेरून रेड ऑक्साइड आणि मग एपॉक्सी रंग. चॅनलची पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवायची. जळालेलं ऑइल फासायची आपली जुनी सवय मला पटत नाही. त्यावर धूळ बसते, रबरी बुश आणि ब्रेकचे होज फुगतात, आणि उरलेलं ऑइल पावसात वावरात उतरतं.

काकांच्या गाडीच्या हौद्याखाली मी पत्र्याचं एक पन्हळ बसवून दिलं, बकऱ्यांचं मूत चेसिसवर न पडता बाजूला पडावं म्हणून. सबंध कामातला सगळ्यात स्वस्त भाग तोच होता. पुढे फिटनेसला गाडी गेली तेव्हा दुरुस्तीचे फोटो आणि बिल सोबत द्यायला मी त्यांना बजावलं. व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो. तपासणाऱ्याला दुरुस्ती आपणहून दाखवावी, हे माझं ठाम मत आहे. रंगाखाली लपवलेला सांधा संशय वाढवतो.

हे काम शिकवणारी जागा मला कुठे दिसत नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा आहे, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. वेल्डरची मुलं सपाट पाट्यांवर सांधे शिकतात, मेकॅनिकची मुलं इंजिन उघडतात, आणि या दोन्हींच्या मधोमध असलेली चेसिस कोणाच्याच वाट्याला येत नाही. खेड्यापाड्यात आज एवढ्या पिकअप आणि छोटे हत्ती आहेत, त्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. भंगारातली एक चेसिस वर्गात आणून ती मोजायला, कापायला आणि सांधायला पोरांना लावणं अवघड नाही. आयटीआयच्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावं. कोणी बोलावलं तर मी शिकवायला येईन.

आणि पिकअपवाल्यांना एवढंच. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालाल, त्याआधी ती एकदा उंच उभी करून खालून धुऊन घ्या, चॅनलच्या आतली माती पाण्याच्या जोरानं काढा, आणि वाळल्यावर हातोडीनं मागपर्यंत ठोकत जा. कुठे आवाज बदलला तर हंगामाचा माल भरण्याआधी गाडी दाखवा, आणि वेल्डरला पहिलं हे विचारा की सांधा कुठे घेणार.